वादळाची चाहूल घेणारा सनदी अधिकारी : ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम

राष्ट्रीय सभेचा संस्थापक म्हणून ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे नाव शाळकरी मुलांच्याही पाठ असते. परीक्षेत एका गुणासाठी विचारल्या जाणाऱ्या या नावामागचा माणूस मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. आयुष्याची तेहतीस वर्षे त्याने ब्रिटिश सरकारच्या मुलकी सेवेत काढली, आणि त्याच सरकारच्या पायाखालची जमीन हादरणार असल्याचा इशारा तो निवृत्तीनंतर सतत देत राहिला. त्याचा हा अंदाज खरा होता की भ्रम, याविषयी गेली शंभर वर्षे इतिहासकारांत वाद चालू आहे. तरीही या अंदाजापोटी त्याने जे काम हाती घेतले, त्याने भारताच्या राजकारणाला वेगळे वळण दिले.

ह्यूम यांचा जन्म ४ जून १८२९ रोजी इंग्लंडमध्ये झाला. त्यांचे वडील जोसेफ ह्यूम मूळचे स्कॉटलंडमधील मॉन्ट्रोज गावचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शल्यवैद्य म्हणून ते हिंदुस्थानात आले, येथील भाषा शिकले आणि १८०३ साली इंग्रज-मराठा युद्ध पेटले तेव्हा बुंदेलखंडातील फौजेबरोबर होते. भाषाज्ञानाच्या बळावर त्यांनी दुभाषाचे काम केले, पुष्कळ पैसा मिळवला आणि मायदेशी परतून ब्रिटिश संसदेत शिरले. तेथे सरकारी उधळपट्टीचा कठोर टीकाकार आणि जहाल मतांचा सुधारक अशी त्यांची ख्याती झाली. कामगारांना संघटना करण्यास बंदी घालणारे कायदे १८२४ साली रद्द झाले, त्यात जोसेफ ह्यूम यांचा मोठा वाटा होता. सरकारच्या जमाखर्चाकडे संशयाने पाहायचे आणि सामान्य माणसाची गाऱ्हाणी सत्तेच्या दारात नेऊन ठेवायची, हा वारसा मुलाला घरातच मिळाला.

कंपनीच्या मुलकी नोकरांसाठी असलेल्या हेलिबरी येथील महाविद्यालयात ॲलन यांचे शिक्षण झाले. लंडनमध्ये त्यांनी काही काळ वैद्यकाचाही अभ्यास केला. १८४९ साली ते बंगालच्या मुलकी सेवेत दाखल झाले. वायव्य प्रांतातील इटावा जिल्हा पुढे त्यांची कर्मभूमी ठरला. यमुनेच्या खोऱ्यातील हा जिल्हा ठाकूर जमीनदारांचा, दऱ्याखोऱ्यांचा आणि अस्वस्थ इतिहासाचा होता. १८५६ साली जिल्ह्याची सूत्रे ह्यूम यांच्या हाती आली आणि त्यांनी पहिल्यांदा शाळांकडे लक्ष दिले. लोकांकडून वर्गणी घेऊन गावोगाव विनामूल्य शाळा उघडण्याचा सपाटा त्यांनी लावला. १८५७ च्या आरंभी जिल्ह्यात १८१ शाळा आणि ५,१८६ विद्यार्थी होते. त्यांत मुली केवळ दोन होत्या.

त्याच वर्षीच्या १० मे रोजी मीरतच्या छावणीत उठाव झाला आणि पंधरवड्याच्या आत त्याचे लोण इटाव्यास पोहोचले. जिल्ह्यातील पलटणीने बंड केले. ह्यूम यांना वेष बदलून निसटावे लागले आणि शेवटी आग्र्याच्या किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला. स्थानिक लोकांच्या निष्ठेवर विसंबलेला हा अधिकारी १८५८ च्या आरंभी त्याच लोकांतून उभारलेले दल बरोबर घेऊन परतला. लढाईत त्यांनी शौर्य दाखवले आणि त्याबद्दल १८६० साली त्यांना सी. बी. हा किताब मिळाला. पण बंडाचा बीमोड झाल्यावर त्यांनी काय केले, ते अधिक महत्त्वाचे आहे. शेजारच्या जिल्ह्यांत झाडाझाडाला माणसे लटकत असताना इटाव्यात फाशी गेलेल्यांची संख्या सातवर थांबली. दयामाया आणि संयम यांनीच जिल्हा लवकर शांत होईल, असे ह्यूम यांचे मत होते. वर्षभरात जिल्हा शांत झालाही.

१८५७ चा अनुभव त्यांच्या मनातून कधीच पुसला गेला नाही. आदल्या दिवसापर्यंत मुजरा करणारी माणसे दुसऱ्या दिवशी शस्त्र उचलतात, आणि असे काही होईल याची राज्यकर्त्यांना सुतराम कल्पना नसते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. दोष शिपायांच्या माथी मारून मोकळे होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी ते नव्हते. कारभाऱ्यांचा नाकर्तेपणा आणि प्रजेशी तुटलेला संबंध हेच उठावाचे मूळ आहे, असे त्यांचे निदान होते. म्हणून शांतता प्रस्थापित होताच त्यांनी शाळा पुन्हा उघडल्या, इटाव्यात मोठी माध्यमिक शाळा बांधली, होतकरू विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या आणि १८५९ साली कुंवर लक्ष्मणसिंह यांच्या सहकार्याने ‘लोकमित्र’ नावाचे देशी भाषेतील पत्र काढले. सरकारचे म्हणणे लोकांना आणि लोकांचे म्हणणे सरकारला कळावे, हा त्यामागील हेतू होता. दारूच्या अबकारी उत्पन्नाला तर त्यांचा कडवा विरोध होता. प्रजेला व्यसनी करून मिळवलेला रुपया सरकार पुढे गुन्हे आणि तुरुंग यांच्यावर दुपटीने खर्च करते, असे ते आपल्या अहवालांतून मांडीत.

१८६७ साली त्यांची नेमणूक अंतर्गत जकातीचे आयुक्त म्हणून झाली. त्या काळी मिठावरील कर वसूल करण्यासाठी उत्तर आणि मध्य हिंदुस्थान चिरत जाणारी, दोन हजार मैलांहून लांब अशी जकातरेषा आखलेली होती. तिच्या मोठ्या भागावर काटेरी झाडांचे दाट कुंपण वाढवलेले होते आणि चोरून मीठ नेणाऱ्या गरिबाला अडवण्यासाठी हजारो पहारेकरी तैनात होते. ह्यूम यांनी हे कुंपण कसोशीने वाढवले आणि पक्के केले. प्रजेचा कैवार घेणारा हाच माणूस मिठावरील कराचा कार्यक्षम पहारेकरीही होता, ही विसंगती झाकण्याचे कारण नाही. राजपुतान्यातील संस्थानांशी वाटाघाटी करून सांभर सरोवराच्या मिठावर ब्रिटिशांचे नियंत्रण आणण्यातही त्यांचा हात होता. मीठ जेथे निघते तेथेच कर घेता येऊ लागल्यावर ही जकातरेषा निरुपयोगी ठरली आणि १८७९ साली मोडीत निघाली.

व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी ह्यूम यांना मध्यवर्ती सरकारात आणले. १८७१ साली महसूल, शेती व व्यापार असे नवे खाते निघाले आणि ह्यूम त्याचे सचिव झाले. शेतकऱ्याची स्थिती सुधारली तर महसूलही वाढेल आणि राज्यही टिकेल, असा मेयो-ह्यूम जोडीचा विचार होता. विहिरी, खत, जळणासाठी झाडे, सावकारी कर्जातून सुटका, नमुन्याची शेते अशी कामांची यादी त्यांनी तयार केली होती. परंतु १८७२ साली अंदमानात मेयो यांचा खून झाला आणि खात्याच्या नावातील शेती कागदावरच राहिली. महसूल वसूल करणे एवढेच खरे काम उरले. याच काळात सिमल्याच्या रॉथनी कॅसल या आपल्या घरी ह्यूम यांनी पक्ष्यांचा अफाट संग्रह जमवला. ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्षिशास्त्राचे नियतकालिक त्यांनी चालवले आणि देशभरातील हौशी निरीक्षकांचे जाळे विणले. गावोगावच्या माणसांकडून पत्रांनी माहिती मागवायची, ती ताडून पाहायची आणि तिच्यातून एक चित्र उभे करायचे, ही पद्धत त्यांच्या अंगवळणी पडली. तिचे महत्त्व पुढे दिसणार होते.

१८७६ ते १८७८ या काळात मुंबई आणि मद्रास इलाखा, म्हैसूर आणि हैदराबाद यांवर भीषण दुष्काळ कोसळला. पन्नास लाखांहून अधिक माणसे भूक आणि रोगराईला बळी पडली. दख्खनची गावे ओस पडत असताना १ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी दिल्लीत राणी व्हिक्टोरियाच्या सम्राज्ञीपदाचा दरबार भरवला. १८७८ साली देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा झाला. त्याच वर्षी शस्त्रांवर निर्बंध घालणारा कायदा आला आणि अफगाणिस्तानशी खर्चिक युद्धही सुरू झाले. अशा दिवसांत ह्यूम यांनी वरिष्ठांना खडे बोल सुनावणे सोडले नाही. त्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. १८७९ साली त्यांना सचिवपदावरून दूर करून अलाहाबादच्या महसूल मंडळावर धाडण्यात आले आणि त्यांचे खातेही गुंडाळण्यात आले. शेतीसुधारणेवरील आपली मते त्यांनी त्याच वर्षी पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केली. १८८२ साली ते निवृत्त झाले.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत वादग्रस्त प्रकरणाचा संबंध याच काळाशी आहे. लिटन यांची कारकीर्द संपण्याच्या सुमारे सव्वा वर्ष आधी, म्हणजे १८७९ च्या सुमारास, आपणास सात जाड खंड पाहावयास मिळाले, असे ह्यूम यांनी नमूद करून ठेवले आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून तीस हजारांहून अधिक बातमीदारांनी पाठवलेली माहिती जिल्हावार आणि तालुकावार लावून त्यांत भरली होती. तिचा सारांश भयावह होता. तळागाळातील माणसे आपल्या हलाखीला विटली आहेत, उपासमारीने मरणारच असू तर काहीतरी करून मरू असे त्यांना वाटू लागले आहे, जुन्या तलवारी आणि बंदुका दडवून ठेवल्या जात आहेत. ह्यूम यांनी यावरून बांधलेला अंदाज नेमका होता. आरंभी तुरळक गुन्हे, सावकारांचे खून, बाजारांची लूट होईल. मग छोट्या टोळ्या पाण्याच्या थेंबांप्रमाणे एकत्र येतील. शेवटी सुशिक्षितांपैकी काही थोडे लोक त्यांना मिळतील, चळवळीला नेतृत्व देतील आणि विखुरलेल्या दंग्यांचे राष्ट्रीय उठावात रूपांतर होईल.

हा अंदाज हवेतला नव्हता, याची साक्ष महाराष्ट्राच्याच भूमीने दिली होती. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि कर्जरोखे जाळले. पाहता पाहता पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत तेच घडले. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षक कायदा करावा लागला. त्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी आणि इतर जमातींतील माणसांना हाताशी धरून पुणे परिसरात दरोड्यांची मालिका सुरू केली. फडके हे लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केलेले, इंग्रजी जाणणारे, सार्वजनिक सभांत भाषणे देणारे गृहस्थ. दुष्काळात माणसे मरताना पाहून त्यांनी शस्त्र उचलले. मुंबईचे गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्या शिरासाठी बक्षीस लावणारा जाहीरनामाही त्यांच्या बंडातून निघाला. जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले, एडनच्या तुरुंगात पाठवले गेले आणि १८८३ साली तेथेच निवर्तले. ह्यूम यांच्या भाकितातील तिन्ही घटक, म्हणजे उपाशी शेतकरी, शस्त्र उचलणाऱ्या टोळ्या आणि त्यांना मिळालेला एक सुशिक्षित मनुष्य, येथे एकाच वेळी हजर होते. ह्यूम यांचे मित्र आणि चरित्रकार विल्यम वेडरबर्न मुंबई इलाख्यातच मुलकी नोकरीत होते. त्यांनी दख्खनमधील या घडामोडींचा ह्यूम यांच्या इशाऱ्याशी संबंध जोडला, तो याच कारणाने.

पण त्या सात खंडांचे काय? सरकारी दफ्तरांत त्यांचा मागमूस आजवर लागलेला नाही. तीस हजार बातमीदार पदरी ठेवण्याइतकी गुप्तचर यंत्रणाही सरकारकडे त्या काळी नव्हती. १८८० च्या सुमारास ह्यूम थिऑसॉफिकल सोसायटीच्या मादाम ब्लाव्हाट्स्की यांच्या प्रभावाखाली आले होते. तिबेटच्या पलीकडे राहणाऱ्या, अलौकिक शक्ती लाभलेल्या महात्म्यांशी आपला संपर्क आहे, अशी त्यांची काही काळ श्रद्धा होती. पंथातील गुरू आणि त्यांचे देशभर पसरलेले चेले हेच त्या माहितीचे उगमस्थान होते, असे ह्यूम यांच्याच लेखनातून दिसते. ब्लाव्हाट्स्कींवरचा त्यांचा विश्वास पुढे उडाला आणि ते सोसायटीतून बाहेर पडले. देशातील अशांततेविषयीचे त्यांचे मत मात्र बदलले नाही. आधार डळमळीत निघाला तरी निष्कर्ष कायम राहिला, याचा अर्थ तो निष्कर्ष केवळ त्या खंडांवर उभा नव्हता. इटाव्यातील १८५७, शेतीखात्यातील आठ-नऊ वर्षे आणि दुष्काळातील मृत्यूंचे आकडे हे त्याचे खरे पाये होते.

१८८० साली लिटन गेले आणि लॉर्ड रिपन आले. वृत्तपत्रांवरील कायदा रद्द झाला, स्थानिक स्वराज्याची पायाभरणी झाली. पण १८८३ साली हिंदी न्यायाधीशांना युरोपीय आरोपींचे खटले चालवण्याचा अधिकार देणारे इल्बर्ट विधेयक आले, तेव्हा गोऱ्या समाजाने एवढा गदारोळ केला की सरकारला माघार घ्यावी लागली. संघटित आरडाओरडा केला की सरकार वाकते, हा धडा सुशिक्षित हिंदी समाजाने त्यातून घेतला. १ मार्च १८८३ रोजी ह्यूम यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधरांना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. देशासाठी स्वार्थ बाजूला ठेवणारी केवळ पन्नास सच्ची माणसे पुढे येऊ शकत नसतील, तर या देशाला स्वतःच्या उद्धाराची आशा धरण्याचा अधिकार नाही, असा त्याचा आशय होता. पुढच्या वर्षाच्या अखेरीस ‘इंडियन नॅशनल युनियन’ची कल्पना आकारास आली. १८८५ मध्ये ह्यूम नवे व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांना सिमल्यात भेटले, आणि मग इंग्लंडला जाऊन तेथील उदारमतवादी पुढाऱ्यांशी बोलणी करून परतले.

पहिले अधिवेशन पुण्यात भरायचे होते. सार्वजनिक सभेने यजमानपद घेतले होते आणि पर्वतीजवळच्या पेशव्यांच्या बागेत पाहुण्यांची व्यवस्था ठरली होती. ऐनवेळी शहरात पटकीचे रुग्ण आढळले आणि अधिवेशन मुंबईस हलवावे लागले. २८ डिसेंबर १८८५ रोजी गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेच्या सभागृहात बहात्तर प्रतिनिधी जमले. अध्यक्षस्थानी कलकत्त्याचे बॅरिस्टर व्योमेशचंद्र बॅनर्जी होते. दादाभाई नवरोजी, फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्रिंबक तेलंग ही मंडळी सभागृहात होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर सरकारी सेवेत असल्याने पाहुणे म्हणून बसले होते. कायदेमंडळांचा विस्तार, सनदी सेवेची परीक्षा हिंदुस्थानातही घेणे, लष्करी खर्चाला आळा, कारभाराची चौकशी अशा मागण्यांचे ठराव झाले आणि शेवटी ह्यूम यांच्या पुढाकाराने राणीच्या नावाचा जयजयकार झाला. पोटात उठावाची धास्ती आणि ओठांवर राणीचा जयघोष, असा हा समारोप होता.

पुढील तीन वर्षे ह्यूम यांनी सरचिटणीस म्हणून जीव ओतून काम केले आणि पदरचा पैसाही खर्चिला. १८८६ मध्ये कलकत्त्यास प्रतिनिधींची संख्या चारशेच्या वर गेली. १८८७ मध्ये मद्रासला ती सहाशेवर आणि १८८८ मध्ये अलाहाबादला बाराशेवर पोहोचली. कलकत्त्यास खुद्द डफरिन यांनी प्रतिनिधींना उद्यानभोजन दिले. पण ठराव केराच्या टोपलीत जात आहेत, हे दिसताच ह्यूम यांनी दिशा बदलली. देशी भाषांतून सोप्या संवादरूप पुस्तिका छापून त्या खेड्यापाड्यांत वाटण्याचे काम त्यांनी हाती घेतले. लोकप्रतिनिधींविना चालणारा कारभार शेतकऱ्याला कसा नागवतो, हे या पुस्तिका सांगत. त्याबरोबर सरकारची वृत्तीही बदलली. वायव्य प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर ऑक्लंड कॉल्व्हिन यांनी ह्यूम यांच्याशी प्रदीर्घ पत्रव्यवहार करून या प्रचाराला आक्षेप घेतला. अशिक्षित जनतेपुढे सरकारचे दोष मांडणे म्हणजे द्वेष पेरणे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. द्वेष आधीच उगवलेला आहे आणि तो सनदशीर वाटेने बाहेर काढला नाही तर स्फोट होईल, असे ह्यूम यांचे उत्तर होते. अलाहाबादच्या अधिवेशनाला जागा मिळू नये म्हणून अडथळे आणले गेले, तेव्हा दरभंग्याच्या महाराजांनी लाउदर कॅसल ही मालमत्ताच विकत घेऊन राष्ट्रीय सभेला वापरायला दिली. डफरिन यांनीही निरोपाच्या दिवसांत जाहीर भाषण करून राष्ट्रीय सभेला मूठभरांचा मेळा ठरवले.

सभेच्या पुढाऱ्यांनाही ह्यूम यांचा वेग झेपत नव्हता. वकिली, कज्जे, कायदेमंडळातील जागा यांत गुंतलेली ही मंडळी वर्षातून तीन-चार दिवस एकत्र येत आणि पांगत. १८९० साली ह्यूम यांच्या पत्नी मेरी यांचे निधन झाले. सभेकडील निधी आटत चालला होता. अशा एकाकी अवस्थेत फेब्रुवारी १८९२ मध्ये ह्यूम यांनी सभेच्या कार्यकर्त्यांसाठी एक खासगी परिपत्रक काढले. दारिद्र्याच्या खाईत लोटलेला शेतकरी एक दिवस उठेल, तो उठाव १८५७ पेक्षा भयंकर असेल आणि त्यात इंग्रजांबरोबर सुखवस्तू, सुशिक्षित हिंदी माणसेही भरडली जातील, असा त्याचा रोख होता. परिपत्रक वर्तमानपत्रांच्या हाती लागले आणि एकच काहूर माजले. इंग्रजी पत्रांनी त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप केला. राष्ट्रीय सभेतील अनेकांनी घाबरून त्या मजकुरापासून अंतर राखले. ज्यांच्यासाठी इशारा दिला, त्यांतील कोणालाच तो नको होता. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदेमंडळांत किरकोळ विस्तार करणारा कायदा केला आणि बहुतेकांनी त्यावर समाधान मानले. ह्यूम १८९४ साली कायमचे इंग्लंडला परतले. सरचिटणीसपदाशी त्यांचे नाव पुढेही बराच काळ जोडलेले राहिले.

हिंदुस्थानातून जाण्यापूर्वीच त्यांच्या दुसऱ्या तपश्चर्येवरही घाला पडला होता. पंचवीस वर्षांच्या पक्षिनिरीक्षणाची हस्तलिखिते, ज्यांतून मोठा ग्रंथ सिद्ध व्हायचा होता, ती त्यांच्या गैरहजेरीत घरच्या नोकराने रद्दी म्हणून सिमल्याच्या बाजारात विकून टाकली. खचलेल्या ह्यूम यांनी १८८५ मध्ये आपला संपूर्ण संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्यात ८० हजारांच्या आसपास पक्ष्यांची कातडी आणि अंडी होती. म्हणजे ज्या वर्षी राष्ट्रीय सभा जन्मली, त्याच वर्षी त्यांच्या पक्षिशास्त्राची अखेर झाली. उतारवयात ते वनस्पतिशास्त्राकडे वळले. सामान्य माणसालाही हा अभ्यास करता यावा म्हणून १९१० साली त्यांनी दक्षिण लंडनमध्ये एक वनस्पतिशास्त्र संस्था स्थापन केली. ती आजही चालू आहे. ३१ जुलै १९१२ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ही वार्ता येताच इटाव्याचा बाजार बंद राहिला. कलेक्टर म्हणून ते गाव सोडून त्यांना तेव्हा चार तपांच्या आसपास काळ लोटला होता.

मृत्यूनंतर त्यांचे भाकीत वेगळ्याच रीतीने गाजले. १९१३ साली वेडरबर्न यांनी लिहिलेल्या चरित्रात सात खंडांची हकीकत आली आणि १९१६ साली लाला लजपतराय यांनी तिच्या आधारे नेमस्तांवर शरसंधान केले. राष्ट्रीय सभा लोकांसाठी नव्हे, तर साम्राज्य वाचवण्यासाठी, वाफ सोडण्याच्या झडपेसारखी निर्माण केली गेली, असा तो आरोप होता. पुढे रजनी पाम दत्त यांच्यासारख्या साम्यवादी लेखकांनीही तो उचलून धरला. पुढे डफरिन यांची खासगी कागदपत्रे अभ्यासकांना उपलब्ध झाली, तेव्हा व्हाइसरॉयनेच ही सभा घडवून आणली या समजाला तडा गेला. डफरिन प्रथमपासूनच ह्यूम यांच्याकडे साशंकतेने पाहत होते. बिपनचंद्र यांनी सात खंडांची कथा कागदोपत्री तपासून ती ऐतिहासिक पुरावा म्हणून टिकत नसल्याचे दाखवले. पुणे, मुंबई, मद्रास, कलकत्ता येथील सार्वजनिक संस्था १८८५ पूर्वीच अखिल भारतीय व्यासपीठाची जुळवाजुळव करीत होत्या. ह्यूम नसते तरी ते उभे राहिले असते. मात्र एखाद्या हिंदी माणसाने असा उद्योग आरंभला असता तर सरकारने तो उगवतीलाच चिरडला असता. निवृत्त इंग्रज अधिकारी पुढे असल्याने त्याला संरक्षण मिळाले, असे गोपाळ कृष्ण गोखले यांचेही मत होते.

मग भाकिताचा हिशेब कसा मांडायचा? ह्यूम यांना दिसत होता तो देशव्यापी शेतकरी उठाव १८८० च्या दशकात झाला नाही आणि १८९२ नंतरही झाला नाही. या अर्थाने ते चुकले. पण पाच वर्षांतच १८९७ च्या दुष्काळात आणि प्लेगमध्ये पुणे पेटले, प्लेग अधिकारी रँड यांचा खून झाला आणि टिळक राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात गेले. १९०५ च्या वंगभंगानंतर सुशिक्षित तरुणांनी बॉम्ब हाती घेतला. १९२० नंतर गांधीजींनी शेतकऱ्याला चळवळीत आणले, तेव्हा त्याला हाती धरायला तीच राष्ट्रीय सभा होती. भूक आणि सुशिक्षितांचे नेतृत्व एकत्र आले की सत्ता टिकत नाही, हे ह्यूम यांचे मूळ सूत्र खरे ठरले. त्याची तारीख आणि त्याचे रूप मात्र त्यांना नीट ओळखता आले नाही.

शिवाय ज्या साधनाने त्यांना साम्राज्य वाचवायचे होते, त्याच साधनाने ते संपवले. गोव्यातही १९२८ साली त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांनी गोवा काँग्रेस समिती स्थापन केली आणि तिला त्याच राष्ट्रीय सभेची मान्यता मिळवली. म्हणजे पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या लढ्याचा एक धागाही मुंबईच्या त्या सभागृहापर्यंत जातो. ह्यूम यांच्या मनात यांतले काहीच नव्हते.

राज्यकर्त्यांना अशांततेचा इशारा देणारे पुष्कळ होते. बहुतेकांनी त्यावर अधिक पोलीस, अधिक कायदे आणि अधिक तुरुंग हाच उपाय सांगितला. शासनाने घाबरून ऐकण्याऐवजी वेळेत ऐकावे, आणि प्रजेला बोलण्यासाठी हक्काची जागा असावी, हा ह्यूम यांचा उपाय होता. त्यांच्या सरकारने तो मानला नाही. इटाव्यात त्यांनी बांधलेली शाळा मात्र नाव बदलून आजही भरते.